प्रश्न आधी, विद्यापीठ मागून



धुळे हे इतिहासाचार्य राजवाड्यांचं गाव. ३१ डिसेंबर १९२६ला त्यांनी इथे देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहायला घेणारा हा माणूस गावोगाव हिंडला, दप्तरं गोळा केली, बोली ऐकल्या. त्याला विद्यापीठाने पगार दिला नाही. अशा गावात मानवशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणावर बोलायचं म्हणजे जबाबदारी मोठी. पण विषय मी मुद्दाम मागून घेतला. गेल्या काही वर्षांत खानदेशातली मुलं-मुली मला हाच प्रश्न वारंवार विचारतात: सर, मानवशास्त्रात एम.ए. करायचंय, कुठे करू?

आणि त्यांच्या मागे उभे असलेले वडील दुसरा प्रश्न विचारतात: "हाई शिकीसन काय व्हई?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. वडिलांच्या प्रश्नाला हसू नका. ज्याने कापूस विकून मुलीला बी.ए. केलं, त्याला पुढच्या दोन वर्षांचा हिशेब विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्या हिशेबाकडे मी येणारच आहे. आधी मुलांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो थोडा उलटा विचारला जातो. "कुठे" हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न "काय", दुसरा "कोणापाशी". विद्यापीठाचं नाव त्यानंतर.

मानवशास्त्र हे एकच शास्त्र नाही, चार मोठ्या खोल्यांचं घर आहे. माणसाचं शरीर, माणसाची भाषा, माणसाचा जमिनीखाली गाडलेला भूतकाळ आणि माणसाचा आजचा समाज. बहुतेक विद्यापीठांत या चारांपैकी एक-दोन खोल्यांतच दिवे लागलेले असतात. तुम्हाला कोणत्या खोलीत बसायचंय हे ठाऊक नसेल, तर नावाजलेल्या विद्यापीठातही तुम्ही चुकीच्या दारात उभे राहाल.

आता या चारही खोल्यांतले प्रश्न आपल्या खानदेशात कसे पडलेले आहेत ते बघा.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण सगळेच जातो. त्याच परिसरातल्या पाटणे इथे १९७२-७३मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, कोरीव रेघा ओढलेलं कवच निघालं. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं. म्हणजे शहामृग या भूमीवर फिरत होता आणि इथल्या माणसाला अंगावर मणी घालावेसे वाटत होते. गिरणेकाठी बहाळ, तापीकाठी प्रकाशे, साक्री तालुक्यातलं कावठे... आपल्या नद्यांचे काठ ताम्रपाषाणयुगातल्या वस्त्यांनी भरलेले आहेत. ज्याला हे खुणावतं, त्याने पुरातत्त्वाकडे जावं. त्याच्यासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. आपले भालचंद्र नेमाडे भाषाविज्ञानासाठी तिथेच गेले होते, आणि त्यांच्या 'हिंदू'चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, हे उगाच नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा नववा खंड घ्या. त्याचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशी भाषा, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ली भाषांच्या सोबत एकाच भागात घातली आहे. ते वर्गीकरण बरोबर होतं की नाही? त्यावर वाद आहे, आणि तो मिटवायला अहिराणी बोलणारी माणसं लागतील. पावरी, तडवी, मावची, कोकणी, गुजरी, लेवा गणबोली... एका एस.टी.च्या प्रवासात इतक्या बोली ऐकू येणारे प्रदेश महाराष्ट्रात फार नाहीत. ज्या मुलाला घरात अहिराणी, बाजारात पावरी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी येते, त्याला आपण "इंग्रजी कच्चं आहे" म्हणून मागच्या बाकावर बसवतो. अहो, हा मुलगा भाषिक मानवशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायला हवा!

तिसरा प्रश्न रक्ताचा. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. २०२३मध्ये केंद्राने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रक्त तपासणं हे डॉक्टरचं काम. पण तपासणीत मुलगी वाहक निघाली तर तिच्या लग्नाचं काय होतं? कुळी कोणत्या, सोयरीक कुठे होते, कुठे होत नाही? आजाराला पाड्यावर काय म्हणतात, आधी बडव्याकडे जातात की दवाखान्यात? हे विचारल्याशिवाय मोहीम कागदावर राहते. पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात डॉ. आर. के. मुटाटकरांनी वैद्यकीय मानवशास्त्राची जी परंपरा घडवली, ती अशाच प्रश्नांची.

आणि चौथा प्रश्न समाजाचा. कानबाईचे रोट, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी हे तर आहेच. पण मानवशास्त्र म्हणजे सणांचे फोटो, ही समजूत आता सोडा. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुव्यातली तेहतीस गावं गेली. ती माणसं पठारावर, वसाहतींत आली. नदीकाठचं कुलदैवत सोडून आलेल्या कुटुंबाची तिसरी पिढी आज आपलं गाव कोणतं सांगते? ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या म्हाताऱ्या सहा महिने कसं भागवतात? केळीच्या बागेत मजूर कुठून येतात, भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये जात कशी वागते? हेही मानवशास्त्र आहे.

म्हणून माझी पहिली विनंती. अर्ज भरण्याआधी वहीच्या एका पानावर आपला प्रश्न लिहा. "मला मानवशास्त्राची आवड आहे" हे वाक्य लिहू नका. ते सगळेच लिहितात. तुम्ही काय पाहिलं आणि त्यातलं काय कळलं नाही, ते लिहा. हेच पान पुढे तुमचं एसओपी होतं.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. कोणापाशी शिकायचं?

मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. संस्कृत शिकलेला हुशार विद्यार्थी. पॅट्रिक गेडिस यांनी १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये इंग्लंडला गेले. कुठे? आधी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, हॉबहाउस यांच्याकडे. नाव केवढं मोठं! पण तिथे त्यांचं मन बसेना. मग त्यांनी काय केलं? नावाकडे बघत बसले नाहीत. केंब्रिजला जाऊन डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचं शिष्यत्व पत्करलं. रिव्हर्सनी तोडा जमातीवर काम केलं होतं, नातेसंबंधांचा अभ्यास कसा करायचा हे जगाला दाखवलं होतं. घुर्यांना आपला गुरू सापडला. आणि १९२२मध्ये रिव्हर्स अचानक वारले. प्रबंध अर्धवट, गुरू गेलेला, देश परका. पुढे हॅडन यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. पुरी केली, १९२४मध्ये मुंबईचा विभाग हाती घेतला आणि पस्तीस वर्षं भारताला समाजशास्त्रज्ञ पुरवले.

या गोष्टीतून विद्यार्थ्याने काय घ्यावं? एक, गुरू पसंत पडला नाही तर बदलता येतो. पहिल्या वर्षात बदललेला बरा. दोन, एकाच माणसाच्या भरवशावर विभाग निवडू नका. तुमच्या विषयातला आणखी एक तरी जाणता शिक्षक तिथे असला पाहिजे. प्राध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात, आजारी पडतात. दुसरा कोण, हे आधी बघून ठेवा.

घुर्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे. त्यांची 'युगान्त' तुम्ही वाचली असेल. पण बर्लिनच्या इरावतीबाई किती जणांना माहीत आहेत? १९२८मध्ये त्या जर्मनीला गेल्या, ऑइगेन फिशर यांच्याकडे. फिशर म्हणजे त्या काळातलं वंशशास्त्राचं मोठं प्रस्थ. पुढे नाझींच्या वंशवादाला त्यांच्या विद्येचा आधार मिळाला. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमतोलाचा. गोऱ्या माणसाच्या श्रेष्ठत्वाची खूण कवट्यांत सापडते का, हा त्यामागचा प्रश्न. या पंचविशीही न गाठलेल्या मराठी मुलीने कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की तसा काही संबंध दिसत नाही. गुरूला जे हवं ते आकड्यांत नव्हतं, म्हणून तिने ते लिहिलं नाही. १९३०मध्ये पदवी घेऊन ती परत आली.

माझ्या लेखी ही मराठी विद्वत्तेतली सर्वांत धीराची गोष्ट आहे. आणि तिच्यातून निघणारा प्रश्न तुम्ही प्रत्येक विभागाला विचारायला हवा: इथे विद्यार्थ्याला गुरूशी असहमत होता येतं का? थेट विचारलंत तर "हो, हो" असंच उत्तर मिळेल. तेव्हा तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. त्यांचे प्रबंध काढून बघा. सगळ्या प्रबंधांत एकच पद्धत, एकच निष्कर्ष, एकाच माणसाचे दाखले दिसले, तर समजून जा.

पुढे १९३९ला डेक्कन कॉलेजात आल्यावर याच इरावतीबाईंनी आपल्या भागात पायपीट केली. 'द भिल्स ऑफ वेस्ट खानदेश' हे त्यांचं सर्वेक्षण आहे. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे. माझी इच्छा आहे, की इथल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते असावं आणि भिल्ल विद्यार्थ्यांनी ते हातात पेन्सिल घेऊन वाचावं. कुठे बरोबर, कुठे चुकलं, कुठे आपल्या आजीला विचारायचं राहून गेलं, ते समासात लिहावं.

इथे थोडं थांबतो, कारण हा माझ्या मनातला विषय आहे.

शंभर-दीडशे वर्षं खानदेश हा मानवशास्त्राचा "फील्ड" राहिला. गोरा साहेब आला, मग पुण्या-मुंबईचा प्राध्यापक आला. आम्ही उत्तरं दिली, त्यांनी पुस्तकं लिहिली. आता पाड्यावरची मुलं पदवीधर होताहेत. ती लिहिणार, हे उघड आहे. आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि बाहेरच्याला जे खटकतं ते आतल्याला खटकत नाही. बी. एस. बाविस्कर हे ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी कोपरगावच्या साखर कारखान्याचं राजकारण उलगडलं. डोनाल्ड अ‍ॅटवुड हे अमेरिकेतून आलेले. या दोघांनी मिळून 'इनसाइड-आउटसाइड' हे पुस्तक केलं, ग्रामीण बदलाकडे आतून आणि बाहेरून पाहणारं. दोन नजरा एकमेकींना तपासतात, तेव्हा अभ्यास पक्का होतो.

पण मला याच्याही पुढचं म्हणायचंय. पावरा मुलीने पावऱ्यांवरच प्रबंध लिहावा, असा नियम कोणी केला? मार्गदर्शक मोठ्या प्रेमाने सांगतात, "तुला भाषा येते, तू तुझ्या जमातीवरच कर." सोय म्हणून ते ठीक आहे. पण ती मुलगी पुण्याच्या गृहसंकुलातल्या सोसायटीच्या बैठका अभ्यासू शकत नाही का? मंत्रालयातली फाइल टेबलावरून टेबलावर कशी जाते, यावर तिने का लिहू नये? पुण्याच्या माणसाला सातपुड्यावर लिहायचा अधिकार आहे, तर सातपुड्याच्या मुलीला पुण्यावर लिहायचाही आहे. जो विभाग तिला हा अधिकार देईल, तो निवडा.

फील्डवर्कबद्दल विभागाला नेमकं विचारा. किती आठवडे? खर्च कोण करतं? दहा दिवसांची सहल आणि तिचा अहवाल, याला फील्डवर्क म्हणत नाहीत. शिक्षक स्वतः सोबत येऊन राहतात का? मुलींसाठी राहण्याची सोय काय, अडचण आली तर फोन कोणाला करायचा? वडिलांनीही हे विचारावं, आणि समाधानकारक उत्तर मिळालं तर मुलीला जाऊ द्यावं. शंभर वर्षांपूर्वी एक मुलगी बोटीने बर्लिनला जाऊ शकली, तर तुमची मुलगी भुसावळहून हावडा मेलने कोलकात्याला जाऊ शकते.

कोलकात्याचं नाव आलंच आहे तर जागांविषयी भरभर सांगतो. कोलकाता विद्यापीठात १९२०पासून मानवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण चालतं. देशातली ती सर्वांत जुनी परंपरा. मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचं मुख्यालयही तिथेच, आणि त्याचं एक केंद्र आपल्या नागपुरात. दिल्लीचा विभाग १९४७चा, शरीर-मानवशास्त्रात भक्कम. मध्य प्रदेशातलं सागर; श्यामाचरण दुबे यांनी तिथला विभाग उभा केला. आदिवासी समाजाचा अभ्यास, हिंदी वातावरण आणि खर्च बेताचा, म्हणून आपल्या मुलांनी सागरचा जरूर विचार करावा. पुणे घराजवळ आहे आणि मराठीत विचार करता येईल अशी जागा आहे. मुंबईत टिस ही समाजविज्ञानाची संस्था आहे. तिथला भर कृतीवर, समाजकार्यावर. सरदार सरोवराच्या पुनर्वसनावर देखरेखीचं काम टिसने केलं, हे लक्षात ठेवा. तापीच्या मुखाशी सुरतेला आय. पी. देसाईंनी स्थापलेलं सामाजिक अभ्यास केंद्र आहे. पुढे संशोधन करणाऱ्यांनी ते बघावं. ज्यांना घर सोडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी इग्नूचं एम.ए. आहे. त्याला कमी लेखू नका. फक्त फील्डवर्क स्वतःच्या जिवावर करावं लागेल, एवढं जाणून घ्या.

आता वडिलांचा हिशेब.

परदेशाबद्दल गैरसमज फार आहेत. इंग्लंडमधलं एम.ए. एका वर्षाचं, फी आणि राहणं मिळून तीस लाखांच्या पुढेच. शिष्यवृत्तीशिवाय, शेत गहाण टाकून त्यासाठी जाऊ नका. हे मी स्पष्टच सांगतो. अमेरिकेत उलटा प्रकार आहे. तिथल्या चांगल्या विद्यापीठांत थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, आणि प्रवेश मिळाला तर बहुधा पाच वर्षांची फी आणि निर्वाहवेतन विद्यापीठ देतं. म्हणजे जे सर्वांत अवघड, तेच गरिबाला परवडणारं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाला सुमारे बारा हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. हायडलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे परदेशी विद्यार्थ्यांना दर सत्राला दीड हजार युरो फी आहे. तरीही हायडलबर्गचं नाव घेतो, कारण गुंथर सोन्थायमर तिथे होते. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांच्यामागे आयुष्यभर धनगरांच्या वाड्यांवर हिंडलेला जर्मन. परदेशी विद्यापीठ निवडताना ही माझी कसोटी आहे: तिथल्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं कपाट आहे का?

शिष्यवृत्त्या आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी, आदिवासी विकास विभागाची अनुसूचित जमातींसाठी, केंद्राच्याही आहेत. पण एक गोष्ट मला इथे ठामपणे सांगायची आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२२मध्ये आपल्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे दलित किंवा भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलाला परदेशात जाऊन आपल्याच समाजाचा मानवशास्त्रीय अभ्यास करायला ती शिष्यवृत्ती मिळणार नाही. हे मला चुकीचं वाटतं, अन्यायाचं वाटतं.

का वाटतं? १९१३मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. विषय अर्थशास्त्र. पण तो शेजारच्या विभागातही जाऊन बसला. ९ मे १९१६ रोजी, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, त्याने जातिसंस्थेच्या उगमावर आणि रचनेवर निबंध वाचला. भीमराव रामजी आंबेडकर, वय पंचवीस. सयाजीरावांनी तेव्हा "भारताविषयी नको" अशी अट घातली असती तर? तो नियम बदलून घेण्यासाठी आपल्या खासदारांना पत्रं लिहिली पाहिजेत, आणि ती या सभागृहातल्या माणसांनी लिहिली पाहिजेत.

राहिली नोकरी. मानवशास्त्र घेतलं की लोक म्हणतात, यूपीएससीला चांगलं, पाचशे गुणांचा वैकल्पिक विषय आहे. खरं आहे. पण फक्त त्यासाठी दोन वर्षांचं एम.ए. करू नका, परीक्षेचा अभ्यास त्याहून कमी वेळात होतो. एम.ए. करा ते काम येण्यासाठी. मानवशास्त्रीय सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालयं, आरोग्य प्रकल्प, पुनर्वसनाचे अभ्यास, संस्था, अध्यापन अशा जागा आहेत. त्या भरपूर नाहीत. चांगलं लिहिणाऱ्याला, मोजणाऱ्याला आणि दोन आदिवासी भाषा बोलणाऱ्याला मात्र त्यातली जागा लवकर मिळते. म्हणून एम.ए. करताना संख्याशास्त्राचा एक पेपर घ्याच, टाळू नका.

आणि आपल्या जळगावच्या विद्यापीठाचं काय? १९९०मध्ये हे विद्यापीठ झालं, २०१८मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याचं क्षेत्र. देशातल्या कोणत्याही मानवशास्त्रज्ञाला हेवा वाटावा असं. चारही शाखांचा समर्थ विभाग इथे असावा, ही मागणी आपण मोठ्याने करायला हवी. अमळनेरसारख्या गावात १९१६मध्ये प्रतापशेठजींच्या पाठबळाने तत्त्वज्ञानाचं केंद्र उभं राहिलं आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्ववेत्ता बंगालमधून तिथे आला. खानदेशाला हे अशक्य होतं का? नव्हतं. मग आज का असावं?

तोवर मुलांना बाहेर जावंच लागेल. त्यांनी जावं. जाण्याआधी एक महिना राजवाडे मंडळात येऊन बसावं, गावातल्या जाणत्यांची बोली रेकॉर्ड करून ठेवावी, आणि ज्या शिक्षकापाशी शिकायचंय त्यांना आपल्या प्रश्नाचं एक पानी पत्र लिहावं. अर्जाची मुदत उलटून गेल्यावर नव्हे, सहा महिने आधी. उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहावं. ज्यांना ते पत्र लिहायला मदत हवी असेल, त्यांनी आता व्याख्यान संपल्यावर इथेच थांबावं. प्रश्न विचारायचे असतील तर आधी मुलींनी विचारावेत.